कायदा येईल तेव्हा येईल, आधी जन्मतारीख खरी करा

प्रश्न :

ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. घरी कांदा-लसूण चटणी करून विकते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पाळी बदलती असते. मुलगा नववीत, चौदा पूर्ण. कोरोनात शाळा मोबाईलवर आली तेव्हा त्याला माझा जुना फोन दिला. पुढं इन्स्टाग्राम पाहिजे म्हणून मागं लागला तेव्हा मीच अकाउंट काढून दिलं. वय कमी म्हणून घेईना, म्हणून माझं जन्मसाल घातलं. आता त्याच अकाउंटवर तो आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल टीमचे एडिट (मॅचच्या क्लिपा जोडून केलेले व्हिडिओ) टाकतो. एडिट चांगले असतात, तालमीतली मोठी पोरंपण म्हणतात. फॉलोअरही बरेच झालेत. पण शाहू स्टेडियमवर मॅच झाली की रात्री दुसऱ्या पेठेतली पोरं कमेंटमध्ये येतात आणि आया-बहिणींवरून लिहितात. हाही उलट लिहितो. परवा रात्री दीडला बघितलं तर पांघरुणात फोन. मी ओरडले, म्हटलं कायदा झालाय, सोळाच्या आतल्या पोरांना बंदी आहे, पोलीस येतील. तो म्हणाला, "कुठला कायदा, दाखव की." मला दाखवता आला नाही. मिस्टर म्हणतात, ऑस्ट्रेलियात झालंय, इथंही होईल, तोवर फोन फोडून टाकतो. दीर म्हणतात, कायद्यानं काय होत नाही, पोरं लई हुशार झालीत. मुलीला (बारावीत आहे) आम्ही फोनच दिलेला नाही, त्यामुळं तिचा प्रश्न नाही. मला सांगा, आपल्याकडं कायदा आहे का नाही? येणार असेल तर तोवर मी काय करू? आणि खोटं साल मी घातलंय, त्यावरून माझ्यावर केस होईल का?

– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. मुलाच्या अकाउंटवर स्वतःचं जन्मसाल घातलं म्हणून पोलीस तुमच्या दारात येणार नाहीत. तो कंपनीच्या अटींचा भंग आहे, कंपनी फार तर अकाउंट बंद करेल. ऑस्ट्रेलियाच्या ज्या कायद्यावरून तुमच्या घरात वाद चाललाय, त्यातसुद्धा मुलांना किंवा आईबापांना दंड नाही. दंड आहे तो कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

पण ते साल तसंच राहू देऊ नका. रात्री दीडचा फोन आणि कमेंटमधल्या शिव्या यांच्यापेक्षा तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीची मला जास्त काळजी वाटली. का, ते पुढं सांगते. आधी कायद्याचं बघू, कारण मुलानं तो मागितलाय आणि त्याला तो मिळायला हवा.

सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर सरसकट बंदी घालणारा देशाचा कायदा, मी हे लिहितेय तेव्हा, आपल्याकडं नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी करा अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं ती ऐकायला नकार दिला. हा धोरणाचा विषय आहे, सरकारकडं जा, असं सांगितलं. ऑस्ट्रेलियात मात्र संसदेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. तिथं सोळाच्या आतल्या मुलाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, एक्स, यूट्यूब, रेडिट अशा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. आईबापांनी 'असू दे' म्हटलं तरी नाही. पहिल्या महिनाभरात सुमारे ४७ लाख अकाउंटं बंद झाल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. तुमचे दीर म्हणतात तशी काही पोरं पळवाट काढतात, तिथंही काढतायत. म्हणून ४७ लाख बंद अकाउंटांना 'काय होत नाही' म्हणता येणार नाही.

त्या कायद्यात काय नाही, हेही बघा. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही. यूट्यूब लॉग-इन न करता बघायला आडकाठी नाही. म्हणजे मुलाचं बघणं थांबत नाही, त्याचं खातं थांबतं. खात्याबरोबर फॉलोअर जातात, लाइक जातात, कमेंट जातात, अनोळखी माणसाचे मेसेज जातात, आणि हा पोरगा कुठल्या रीलवर किती वेळ थांबला ते मोजून पुढचं रील समोर ठेवणारी यंत्रणा त्याला ओळखेनाशी होते. माझ्या मते हे पुष्कळ आहे. पण उद्या तसाच कायदा इथं आला आणि पेठेपेठेतली भांडणं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि स्टेटसवर गेली, तर तो कायदा तिथं पोचणार नाही. स्टेटसवरून काय होऊ शकतं हे आपल्या शहरानं ७ जून २०२३ ला बघितलंय. आक्षेपार्ह स्टेटस लावल्यावरून शहर बंद, दगडफेक, लाठीमार, आणि शेवटी इंटरनेटच बंद ठेवावं लागलं. तुमचा मुलगा तेव्हा लहान होता, त्याला आठवत नसेल. त्याला सांगा.

आपल्याकडं जे आहे ते वेगळ्या वाटेनं आलंय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो. मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीनं आईबापांची संमती घ्यायची, आणि ती खरंच आईबापांचीच आहे याची पडताळणी करायची. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला नेमकं हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या कलमांसाठी कंपन्यांना तयारीला १८ महिने मिळालेत, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. मुलाला दाखवायचा असेल तर हा कायदा दाखवा. त्यात त्याला बंदी नाही, पण तो चौदा वर्षांचा आहे म्हणून त्याला मिळायचं संरक्षण आहे.

मला स्वतःला विचाराल तर ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त पटते. कारण साधं आहे. आईबापांकडं परवानगी मागितली की आईबाप देतात. तुम्हीच दिली होती. पोरगं आठ दिवस मागं लागलं, वर्गात सगळ्यांकडं आहे म्हणालं, जेवायला बसेना, तर कुठली आई किती दिवस नाही म्हणेल? सगळं आईबापांच्या संमतीवर सोडलं की भांडण घरातल्या घरात राहतं आणि कंपनी बाजूला उभी राहून बघते. 'तुला द्यायचं नाही' हे वाक्य कंपनीच्या तोंडून यायला हवं. वय तपासायच्या नावाखाली सगळ्यांकडून आधार कार्ड गोळा करायला लागू नयेत, एवढी माझी अट आहे.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरात बसून लिहिताना सोडवत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया म्हणजे गरिबाच्या पोटाला चिमटा होता. पण नुसता दंड लावून ते थांबले नाहीत. शिक्षण मोफत केलं, खेड्यापाड्यांत शाळा काढायला पैसा घातला. पोराला रानातून उठवलं तर बसवायचं कुठं, याची सोय केली. सोशल मीडियाच्या बंदीवर आज एवढी चर्चा होते, त्यात ही दुसरी बाजू मला कुठं ऐकू येत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात चौदा वर्षांच्या पोरानं जायचं कुठं? रंकाळ्यावर पालकांबरोबर भेळ खायला तो येणार नाही, ते वय गेलं. क्लास सुटला की त्याला आपल्या वयाची चार माणसं लागतात, आणि ती आता फोनमध्ये बसलेली आहेत. तुमच्या मुलाचं त्यातल्या त्यात बरं आहे, त्याला तालीम आहे. त्या तालमीवर मला पुढं बरंच बोलायचंय.

पण आधी पोलिसांचं. ती भीती त्याला परत घालू नका, हात जोडून सांगते. खोटी निघाली म्हणून तो हसला, एवढ्यावर भागलं. ती खरी वाटली असती तर जास्त वाईट झालं असतं. मोठ्या वयाच्या नावानं चालणाऱ्या अकाउंटवर कुणीही मेसेज करू शकतं. एखाद्या मुलीचा फोटो लावलेलं अकाउंट येतं, एडिटचं कौतुक करतं, चार दिवस गोड बोलतं, मग रात्री व्हिडिओ कॉल येतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि दुसऱ्या दिवशी पैशाची मागणी सुरू होते. 'तुझ्या आईला पाठवतो' म्हणून धमकी येते. अशा वेळी ज्या पोराच्या डोक्यात 'पोलीस मला धरतील, बाबा फोन फोडतील' एवढंच बसलेलं असतं, ते पोरगं घरात सांगत नाही. ते आईच्या डब्यातले पैसे काढतं, मित्राकडून उसने घेतं आणि देत राहतं. काही पोरं त्याहून भयंकर काही करून बसतात.

म्हणून त्याला उलटं सांगा. असं काही झालं तर पहिल्यांदा मला सांगायचं, आणि सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही. हे त्याच्या बाबांनीही त्याच्यासमोर म्हणायला हवं. पुढं काय करायचं तेही आजच ठरवून ठेवा : पैसे द्यायचे नाहीत, चॅट खोडायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, तिथं मुलगा स्वतःही बोलू शकतो. अल्पवयीन मुलाचे तसले फोटो किंवा व्हिडिओ मागणं, ठेवणं, पुढं पाठवणं हे पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गंभीर गुन्हे आहेत, आणि त्यात तुमचा मुलगा आरोपी नाही, पीडित आहे. पोलिसांबद्दल त्याला एवढंच माहीत असायला हवं.

मिस्टरांनी फोन फोडला तर काय होईल, हेही त्यांना विचारा. आठवड्याभरात मित्राच्या फोनवर दुसरं अकाउंट निघेल, आणि त्यावर कुठलं साल घातलंय हे तुम्हाला कळणारही नाही.

आता त्या सालाकडं येऊ. इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ मध्ये अठराच्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलं, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून आलं. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं. ओळखीच्या, जोडलेल्या माणसांनाच मेसेज करता येतो. मारामारीचे आणि तसले रील कमी दाखवले जातात. दिवसाला साठ मिनिटं झाली की सूचना येते. रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद. सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर आईबापांची परवानगी लागते. हे सगळं पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, कंपन्यांनी कायद्याच्या धाकानंच एवढं केलंय. पण जे आहे त्यातलं एकही तुमच्या मुलाला मिळत नाही, कारण कंपनीच्या वहीत तो तुमच्या वयाचा माणूस आहे. चाळिशीच्या माणसाला जे दाखवायचं, ज्यानं त्याला गाठायचं, ते सगळं चौदा वर्षांच्या पोरापर्यंत येतंय. २०२७ मध्ये आपला कायदा पूर्ण लागू झाला तरी हीच अडचण राहील. जो कागदावर मूल नाही, त्याला मुलाचं संरक्षण कोण देणार?

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी, चहा-नाश्ता झाल्यावर, त्याला शेजारी घेऊन बसा. आधी त्याचे सगळे एडिट फोनमध्ये उतरवून घेऊ दे, कारण तारीख बदलताना कंपनीनं अकाउंट अडवलं तर त्याची मेहनत जायला नको. मग सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथं पर्सनल डिटेल्स, तिथं जन्मतारीख. खरी घाला. साल मीच चुकीचं घातलं होतं, ते आता मीच बदलतेय, असं त्याला सांगा. त्याला शिक्षा वाटू नये म्हणून हे तुमच्या हातानं व्हायला हवं.

तो भांडेल. अकाउंट प्रायव्हेट झालं तर एडिट बघणार कोण, असं विचारेल. त्याचा प्रश्न रास्त आहे, त्याला 'उगं बस' म्हणून गप करू नका. उत्तर तालमीत आहे.

तुमच्या पत्रातलं चित्र मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. शाहू स्टेडियमवर मॅच असते तेव्हा मैदानात अकरा जण, त्यांच्यामागं कोच, मंडळाचे पदाधिकारी, पंच, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) माणसं, दोन्हीकडच्या समर्थकांच्या मधे पोलीस बंदोबस्त. एवढी सगळी मोठी माणसं. मॅच संपते, सगळे घरी जातात, आणि रात्री पेठेच्या नावानं येणाऱ्या शिव्या झेलायला पांघरुणात एकटा नववीतला पोरगा. हे त्याच्यावर कुणी मुद्दाम टाकलेलं नाही, हे मला कळतं. त्याला एडिट जमतात, मोठ्यांनी पाठ थोपटली, पेज वाढलं. पण मंडळाचं नाव ज्या पेजवर आहे, त्याची जबाबदारी मंडळाची आहे. कोल्हापूरचा फुटबॉल ही काय साधी गोष्ट नाही. पोरं त्यासाठी जीव टाकतात, पेठांचा मान त्यावर उभा राहतो. तो मान सांभाळायचं काम चौदा वर्षांच्या मुलाकडं असू नये.

मिस्टरांना म्हणा, फोन फोडायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात तालमीपर्यंत चालत जाऊन येता येतं. मुलाला बरोबर घेऊन जा म्हणा. स्वतः बाप असलेल्या, घरदार असलेल्या एखाद्या जुन्या खेळाडूशी किंवा पदाधिकाऱ्याशी बोलायचं. मागणी एवढीच : पेज मंडळाच्या नावानं, सज्ञान माणसाच्या खऱ्या जन्मतारखेवर निघू दे, पासवर्ड त्याच्याकडं राहू दे. मुलगा एडिट करून देईल. टाकायचं त्या माणसानं, कमेंट बघायच्या त्यानं. शिव्यांचे शब्द आपोआप लपवायची सोय त्या ॲपमध्ये आहे, ती चालू ठेवायची, आणि पारंपरिक प्रतिस्पर्ध्याशी मॅच असेल त्या रात्री कमेंट सरळ बंद ठेवायच्या. एडिटवर मुलाचं नाव यायला हवं, यावर मात्र अडून बसा. नाव गेलं तर त्याला वाटेल, आपल्याकडून काढून घेतलं.

एडिट कुणाकडं पाठवायचे तेही नीट ठरवा. मोठ्यांच्या ग्रुपमध्ये त्याला घालू नका, तिथं काय काय फिरतं ते तुम्हाला माहीत आहे. एकाच माणसाला, तुमच्या ओळखीच्या, तुमच्या फोनवरून पाठवू दे. आणि एडिटमध्ये समोरच्या पेठेतल्या पोरांचे चेहरे, त्यांच्या मारामारीची क्लिप, खिजवणारं वाक्य असलं काही नको. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळाकडं जातं, पण तक्रार झाली तर पोलीस ठाण्याची पायरी आईबापांनाही चढावी लागते. गोल दाखव, सेव्ह दाखव, ढोल-ताशा दाखव, एवढं सोडून बाकीचं का दाखवायचं, असं त्याला विचारा. चांगला एडिट करणारा असेल तर त्यालाही हे पटेल.

तालमीनं नाही म्हटलं तर? तसं होऊ शकतं. 'पोरगंच बघतंय की, काय बिघडलं' म्हणतील. तर पेज बंद करायचं, त्यात मागंपुढं बघू नका. मंडळाला पेज हवंय आणि त्याचा त्रास मात्र तुमच्या घरात राहावा, हे चालणार नाही. मुलाच्या प्रायव्हेट अकाउंटवर त्याचे एडिट वर्गमित्र आणि नातेवाईक बघतील. वाईट वाटेल त्याला, चार-आठ दिवस तोंड पाडून बसेल. तेवढं सोसायला लागेल, तुम्हालाही.

रात्रीच्या फोनचं फार लांबवत नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे भोंगा पोरांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा नव्हता. तुमच्या ऑर्डरी रात्री अकरापर्यंत येत असतील, तर व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा की नऊनंतर आलेल्या ऑर्डरीला सकाळी उत्तर मिळेल. गिऱ्हाईक कुठं जात नाही, चटणी चांगली असली की थांबतं. मिस्टरांची रात्रपाळी असेल तेव्हा त्यांचा फोन त्यांच्याबरोबर जाणारच, ते मुलगाही समजून घेईल. पण घरी असताना ते रील बघत लोळले आणि मुलाला मात्र बंदी, असं झालं तर तुमचा नियम दोन दिवस टिकणार नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्याबद्दल. 'मुलीला आम्ही फोनच दिलेला नाही, त्यामुळं तिचा प्रश्न नाही.' ही ओळ मी दोनदा वाचली. ती बारावीत आहे, थोड्याच दिवसांत अठरा पूर्ण होतील. त्या दिवसापासून कुठलाही कायदा तिला मूल समजणार नाही, ऑस्ट्रेलियातला तर आजही समजत नाही. तिच्या धाकट्या भावाकडं कितीतरी वर्षं फोन आहे, आणि तिला अनोळखी मेसेजला काय उत्तर द्यायचं, कुणाला ब्लॉक कसं करायचं, फोटो कुणाला पाठवायचा नाही, यातलं काहीच घरात शिकायला मिळालेलं नाही. मैत्रिणीच्या फोनवर ती बघत असणारच, आणि तिथं काही वावगं झालं तर ते घरी सांगायची सोय तिला नाही, कारण घरच्या हिशेबानं ती फोनवर नाहीच. मुलांच्या सोशल मीडियावर कायदा करा असं मी मोठ्यानं म्हणते, तेव्हा मला एकच धास्ती असते, की कायदा कंपनीसाठी येईल आणि घराघरांत तो आधी मुलींवर लागू होईल. अनेक घरांत तो कधीचाच लागू आहे.

परीक्षा संपली की तिला फोन द्या. सीईटीचे मेसेज, प्रवेशाचे फॉर्म, ओटीपी, हे सगळं तिलाच हाताळू दे, वडिलांच्या नंबरवर नको. इन्स्टाग्राम हवं असेल तर घेऊ दे, सुरुवातीला प्रायव्हेट ठेवायला सांगा. आणि १९३०, १०९८ आणि स्क्रीनशॉटचं मुलाला जे सांगाल, ते तिलाही त्याच वेळी, त्याच्याच शेजारी बसवून सांगा.